जुन्या फोटोवरून जर्मन क्लास ६४ टँक इंजिनाचा इतिहास कसा शोधायचा

वाफेच्या इंजिनांचे जुने फोटो बघताना "जर्मनी, साधारण १९५०" एवढंच खाली लिहिलेलं असतं आणि आपण पुढे जातो. पण जर्मन इंजिनांच्या अंगावर इतकं काही लिहिलेलं असतं ना, की नीट बघितलं तर त्या एका इंजिनाचं निम्मं चरित्र फोटोतच सापडतं. क्लास ६४ वर हे शिकायला सगळ्यात सोपं, कारण ही इंजिनं भरपूर बनली (१९२८ ते १९४० मध्ये ५२०) आणि पुढे वेगवेगळ्या देशांत विखुरली.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९२० मध्ये वेगवेगळ्या राज्यांच्या रेल्वे एकत्र झाल्या आणि नव्या रेल्वेच्या वाट्याला शेकडो जातींची इंजिनं आली, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसेना. म्हणून ठरावीक मापांची, एकसारख्या पार्ट्सची इंजिनं बनवायचं ठरलं, आणि हलक्या रुळांच्या शाखा लाइनींसाठी त्यातून क्लास ६४ आला. टँक इंजिन म्हणजे पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, मागे पाणी-कोळशाचा वेगळा डबा (टेंडर) नाही, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर फिरवायची गरज नाही, उलटंसुद्धा ताशी ९० किमीने धावायचं. आखूड, गुटगुटीत दिसायचं म्हणून लोकांनी नाव ठेवलं बूबीकोप्फ, म्हणजे त्या काळात बायकांमध्ये फॅशन होती तो बॉबकट.

आता फोटो समोर घ्या. पहिल्यांदा चाकं मोजा, नंबर नंतर. पुढे एक छोटं, मध्ये तीन मोठी, मागे परत एक छोटं असलं तर ६४ असू शकतं. मध्ये चार मोठी चाकं दिसली तर ते बहुतेक क्लास ८६, याच कुटुंबातलं मालगाडीचं भावंड, आणि लांबून बघताना इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. मागे टेंडर असेल तर क्लास २४, त्याचे तर बरेच पार्ट ६४ चेच आहेत.

मग केबिनची बाजू. मोठ्या नंबरच्या आसपास बारीक अक्षरात "पीटी ३५.१५" असं रोमन लिपीत लिहिलेलं असतं, ते शोधाच, मला तर सगळ्यात आवडतं ते हेच. पी म्हणजे प्रवासी गाडीचं, टी म्हणजे टँक, ३५ म्हणजे पाच अ‍ॅक्सलांपैकी (अ‍ॅक्सल म्हणजे चाकांच्या जोडीचा दांडा) तीन ओढणारे, आणि १५ म्हणजे एका अ‍ॅक्सलवर १५ टन वजन. म्हणजे हे इंजिन कुठल्या रुळांवर चालू शकतं ते तिथल्या तिथे कळतं! तिथेच डेपोचं नाव पण असतं, झूम करून वाचा, कारण इंजिन कुठे राबत होतं हे त्यावरूनच समजतं.

आता काळ. नंबर साधा "६४ ४१९" असा असला तर फोटो १९६८ च्या आधीचा, किंवा पूर्व जर्मनीतला १९७० च्या आधीचा. (जतन केलेल्या इंजिनांवर जुना नंबर परत रंगवतात, तेवढं लक्षात ठेवा.) पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने, म्हणजे डीबीने, १९६८ ला कॉम्प्युटरसाठी नंबर बदलले, तेच इंजिन झालं "०६४ ४१९-५". शेवटचा ५ हा तपासणी अंक, आणि फोटोत एखादा आकडा पुसट असेल तर तो फार उपयोगी पडतो. सहा अंकांना क्रमाने १, २, १, २, १, २ ने गुणा, दोन अंकी उत्तर आलं तर त्याचे अंक मिळवा, सगळ्याची बेरीज करा. इथे ०, ३, ४, ८, १, ९ म्हणजे २५, पुढच्या ३० ला पाच कमी, म्हणून ५. पुसट आकडा ३ की ८ असा घोळ असेल तर दोन्ही घालून बघा, एकच जुळेल.

पूर्वेकडे १९७० पासून चार आकड्यांचा क्रमांक आला, म्हणजे ६४ ००७ झालं ६४ १००७-०. नावावरून मात्र फसू नका. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रेल्वेचं "डॉइचं राइक्सबान" हेच नाव पूर्व जर्मनीने शेवटपर्यंत ठेवलं, त्यामुळे नाव बघून "१९३० च्या दशकातला फोटो" म्हणणं चूक ठरू शकतं. मी स्वतः असाच एक फोटो बरेच दिवस युद्धाआधीचा समजत होतो, मग पुढे वरच्या बाजूला तिसरा दिवा दिसला आणि तो युद्धानंतरचा निघाला. युद्धाआधी पुढे दोनच दिवे.

पोलंडमध्ये राहिलेल्या इंजिनांना "ओकेएल २" असा क्लास मिळाला (तिथे ओ प्रवासी, के टँक), चेकोस्लोव्हाकियात ३६५.४. जर्मनीतल्या इंजिनांपैकी २७८ डीबीकडे गेली आणि ११५ पूर्वेकडे.

बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाची आडवी पट्टी, जिच्यावर बफर असतात) रंगवलेली छोटी तारीख दिसली तर ती सोडू नका, ती शेवटच्या तपासणीची असते, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. कारखान्याच्या पाटीचं वर्ष इंजिनाचं असतं, बॉयलरचं नाही, ओव्हरहॉलमध्ये बॉयलर सर्रास अदलाबदल व्हायचे. आणि नंबर ५११ ते ५२० मधला असला तर पुढचं छोटं चाक नीट बघा, त्या शेवटच्या दहांना वेगळी, क्राउस-हेल्महोल्ट्झ बोगी (डबा नव्हे, चाकं धरणारी वळती चौकट) होती आणि त्यांची लांबी पण १० सेंमी जास्त.

एवढं सगळं करून नंबर पक्का झाला की त्या इंजिनाचं सर्व्हिस बुक कुठे जपलंय का ते शोधा. प्रत्येकाचं असायचं, डेपो बदलले, बॉयलर बदलले, सगळ्याची नोंद त्यात. आणि प्रत्यक्ष बघायचं असेल तर जर्मनीतल्या एबरमानश्टाटला ६४ ४९१ जपलेलं आहे, तिथे आधी केबिनच्या बाजूला जाऊन ते "पीटी ३५.१५" वाचा.