आजाराशी जोडलेला जनुकीय बदल कोणत्या ऊतीत काम करतो, हे कसे तपासावे

मधुमेह, हृदयविकार यांसारख्या गुंतागुंतीच्या आजारांशी जोडलेले बहुतेक जनुकीय बदल प्रथिनाची रचना ठरवणाऱ्या भागात नसून, जनुक कुठे, केव्हा आणि किती चालावे हे ठरवणाऱ्या भागांत आढळतात. म्हणून असा बदल हाती आला की ‘कोणते जनुक?’ याच्या आधी ‘कोणती ऊती (एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह)?’ हे विचारावे. डीएनए सगळ्या पेशींत एकच असला, तरी प्रत्येक ऊती त्यातला आपल्या कामाचा भाग वापरते. रत्नागिरीच्या वर्गात मी पंचांगाचा दाखला देतो: पंचांग घरोघरी एकच, पण मिरकरवाड्यातला मच्छीमार तिथीवरून उधाण आणि भांग ताडतो, तर शेतकरी नक्षत्र पाहून पेरणी ठरवतो, तिथी चुकीची छापली गेली तर होडी खाडीच्या मुखाशी रुतेल, पेरणीचे काही बिघडणार नाही.

आजार जिथे दिसतो तीच ऊती दोषी, असे मात्र धरू नये. पहिल्या गुणसूत्रावरील आरएस12740374 या क्रमांकाचा बदल एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार या दोन्हींशी निगडित आहे. तो सीईएलएसआर2 आणि पीएसआरसी1 या जनुकांच्या मध्ये बसलेला असला, तरी 2010 साली दाखवले गेले की त्यातील टी हे रूप (त्या जागी टी हे डीएनएचे अक्षर असणे) यकृतात एका नियामक प्रथिनाला डीएनएवर जागा करून देते, त्यामुळे थोडे दूर असलेले एसओआरटी1 हे जनुक अधिक चालते आणि रक्तातील एलडीएल घटते. चरबीच्या ऊतीत हा परिणाम दिसला नाही. अडथळा हृदयाच्या धमनीत, सूत्र यकृतात!

प्रत्यक्ष तपासणीसाठी जीटेक्स या खुल्या माहितीसाठ्यात बदलाचा क्रमांक टाकावा. तिथे मृत्यूनंतर दान केलेल्या सुमारे 50 प्रकारच्या ऊतींमधील जनुकांची सक्रियता मिळते. एका ऊतीत बदल आणि सक्रियता यांचा संबंध दिसला म्हणून थांबू नये, कारण शेजारचे बदल एकत्रच वारशाने येतात आणि आजाराचा व सक्रियतेचा संकेत दोन वेगळ्या बदलांमुळेही उमटू शकतो. दोन्हींचे मूळ एकच आहे का, याची सांख्यिकी तपासणी करावीच.

रक्ताचा नमुना सहज मिळतो, म्हणून विद्यार्थी तिथेच अडकतात. लठ्ठपणाशी जोडलेला एफटीओ जनुकातील बदल आयआरएक्स3 आणि आयआरएक्स5 या जनुकांवर चरबीपेशी घडत असतानाच्या टप्प्यावर परिणाम करतो, हे 2015 मध्ये दिसले. तयार ऊतीत शोधणाऱ्याच्या हातून तो निसटतो. शिवाय जीटेक्समधील बहुतांश दाते युरोपीय वंशाचे असल्याने तिथला निष्कर्ष कोकणातल्या रुग्णाला जसाच्या तसा लावू नये.