हाताला वजनातला फरक किती कळतो? आर आणि एलएमईफोर वापरून व्यक्तिगणिक फरक काढणे

दोन वजनांतला किती लहान फरक हाताला कळतो, हे माणसागणिक बदलतं. ते मोजायची ही पद्धत. हिशोब ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेत आणि तिच्या ‘एलएमईफोर’ (lme4) या जोडसंचात करायचा. एकाच मापाचे, बाहेरून हुबेहूब दिसणारे डबे घ्या. डबा लहान-मोठा असला, तर वजन सारखं असूनही लहान डबा जड वाटतो. वाळू भरून एक ठरावीक डबा, ज्याच्याशी बाकीचे ताडायचे, २०० ग्रॅमचा करा आणि तुलनेचे सात डबे १८२ ते २१८ ग्रॅमचे, सहा-सहा ग्रॅमच्या अंतराने. तुलनेचा प्रत्येक डबा ठरावीक डब्याच्या जोडीने वीस वेळा द्या आणि जड कोणता ते विचारा, म्हणजे माणशी १४० उत्तरं. निम्म्या वेळा ठरावीक डबा आधी द्या, निम्म्या वेळा नंतर.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सूचना ज्याच्या-त्याच्या भाषेत द्या: ‘जड कोणता?’ किंवा कन्नडमध्ये ‘यावुदु भार?’ अर्धवट कळलेली सूचना पुढे आकड्यांत मंद हात म्हणून दिसते, आणि तो त्या माणसावर अन्याय आहे.

एका उत्तराला एक ओळ: व्यक्तीचा कोड, वजन, उत्तर (तुलनेचा डबा जड म्हटलं तर 1, नाहीतर 0). आकडे इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी किंवा कन्नड अंक आर मजकूर समजतो आणि पुढचं सगळं अडतं.

वजनातून २०० वजा करून ६ ने भागा. हा झाला एक्स. आता एलएमईफोरमधली ‘जीएलमर’ (glmer) ही आज्ञा वापरा: बायनोमियल (उत्तर 0 किंवा 1 असं दोनच प्रकारचं), प्रोबिट लिंक (‘जड’ म्हणण्याची शक्यता वजनाबरोबर एस-आकाराच्या रेषेत वाढते असं मानणं). फॉर्म्युल्यात एक्सनंतर कंसात १ अधिक एक्स, उभी रेघ, व्यक्ती: उत्तर ~ x + (1 + x | व्यक्ती). यातून प्रत्येकाचा छेद (इंटरसेप्ट, म्हणजे एक्स शून्य असतानाची किंमत) आणि उतार (रेषा किती तीव्र चढते ते) मिळतो.

प्रत्येकाचा वेगळा आलेख बसवून क्रमवारी लावण्याचा मोह टाळा. एखाद्याने एकही चूक केली नाही, तर त्याचा उतार अनंताकडे धावतो. कमी उत्तरांतली योगायोगाची चढउतारही खरा फरक वाटते. एकत्रित मॉडेल असे टोकाचे अंदाज सरासरीकडे ओढतं, आणि ज्याची माहिती तोकडी त्याला जास्त.

व्यक्तीचे आकडे ‘कोएफ’ (coef) या आज्ञेने काढा. ‘रॅनेफ’ (ranef) फक्त सरासरीपासूनचं अंतर देतं. इथे बरेच जण फसतात. ४ भागिले उतार म्हणजे ७५ टक्के वेळा ओळखू येणारा फरक, साधारण ग्रॅममध्ये. दोन्ही डबे सारखे वाटतात ते वजन: २०० वजा ६ गुणिले (छेद भागिले उतार).

‘सिंग्युलर’ (व्यक्तींमधला एखादा फरक शून्यावर किंवा सहसंबंध टोकाला गेला) असा इशारा आला, तर बहुधा माणसं किंवा उत्तरं कमी पडलीत. फॉर्म्युल्यात एका उभ्या रेघेऐवजी दोन देऊन छेद आणि उतार यांच्यातला सहसंबंध वगळून पाहा.

लक्ष उडाल्यामुळे २१८ ग्रॅमलाही ‘हलका’ असं उत्तर आलं, तर प्रोबिटचा उतार उगाच सपाट होतो. अशी उत्तरं खोडू नका. आरच्या ‘बीआरएमएस’ (brms) या दुसऱ्या जोडसंचात लक्ष उडून होणाऱ्या चुकांच्या दराचा वेगळा घटक घाला. विंडोजवर त्याआधी आरटूल्स (Rtools, मॉडेलचा कोड संगणकासाठी तयार करणारी साधनं) बसवावं लागतं.

शेवटी सम आणि विषम उत्तरांवर मॉडेल वेगवेगळं चालवून व्यक्तींच्या आकड्यांचा सहसंबंध घ्या. तो ०.५ आला, तर पूर्ण चाचणीची विश्वसनीयता सुमारे ०.६७. तेवढ्यावर दोन गटांची तुलना चालेल, एका माणसाबद्दल निर्णय देऊ नका.