नळजोडापासून हौदापर्यंत : जमिनीखालच्या पाइपची गळती शोधणे आणि दुरुस्त करणे

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते, आणि सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत दोन पाळ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर पडलेलेही लोकांनी पाहिले आहे. त्यामुळे स्वतंत्र घरात किंवा रो-हाऊसमध्ये रस्त्यावरच्या नळजोडापासून आवारातल्या हौदापर्यंत येणारा पाइप बहुतांश काळ रिकामा किंवा अर्धवट भरलेला असतो. पाणी सुरू असताना पाइपला भोक असेल तर पाणी बाहेर जाते, हे सर्वांना दिसते. पुरवठा बंद झाल्यावर मात्र पाइपमधले पाणी उताराकडे ओसरते, आत ओढ निर्माण होते आणि त्याच भोकातून भोवतीचे गढूळ पाणी आत शिरते. शेजारून सांडपाण्याची लाइन जात असेल तर ते पाणी कुठले असेल, हे सांगायला नको. म्हणून या गळतीकडे मी पाण्याच्या नासाडीपेक्षा घरातल्या माणसांच्या प्रकृतीचा प्रश्न म्हणून पाहतो, आणि ती सापडेपर्यंत पाणी उकळूनच प्यावे असे आग्रहाने सांगतो.

शोध सुरू करण्यापूर्वी आपली लाइन कुठून कुठे जाते, ते कागदावर काढावे. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीवर पितळी फेरूल, म्हणजे तिच्यातून घरासाठी पाणी काढून घेणारी तोटी, बसवलेले असते. तिथून अर्ध्या इंचाचा पाइप मीटरपर्यंत येतो, मीटरनंतर एक व्हॉल्व्ह असतो आणि पुढे पाइप जमिनीखालून हौदापर्यंत जाऊन बॉल कॉकवर, म्हणजे हौद भरल्यावर पाणी आपोआप थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर, संपतो. जुन्या घरांत मध्येच बागेच्या नळासाठी किंवा पूर्वीच्या मोरीसाठी काढलेला फाटा बंद करून पुरलेला असतो, आणि अशा विसरलेल्या फाट्याच्या टोकाची बुचे कुजून गळती झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा मूळ बांधकाम केलेल्या प्लंबरला आधी विचारावे.

गळतीची सर्वांत विश्वासार्ह परीक्षा मीटरवर होते, आणि ती पाणी येण्याच्या वेळेतच करावी लागते. पुरवठा सुरू होताना पाइपमधली हवा मीटरमधून जाते आणि काटे उगाच फिरतात, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. मग थेट लाइनवर असलेले सर्व नळ बंद करावेत आणि हौदातला बॉल कॉकचा गोळा दोरीने वर बांधून टाकावा, म्हणजे हौदात जाणारे पाणी पूर्ण थांबेल. गोळा वर बांधूनही पाणी झिरपत असेल तर बॉल कॉकचे वायसर झिजलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय पुढची परीक्षा खरी ठरणार नाही. एवढे झाल्यावर मीटरच्या तबकडीवरची लहान चांदणी पाहावी. दाब कमी-जास्त झाला की ती किंचित मागे-पुढे हलते, तिची काळजी नको. पण ती एकाच दिशेने संथपणे फिरत राहिली, तर मीटर आणि हौद यांच्यामध्ये पाणी कुठेतरी जात आहे. लाल आकड्यांवरून पंधरा मिनिटांत किती लिटर पाणी गेले, ते लिहून ठेवावे. मिनिटाला एक लिटर जात असेल आणि पुरवठा दोन तासांचा असेल, तर दिवसाला 120 लिटर आणि महिन्याला 3,600 लिटर पाणी मातीत जाते.

चांदणी फिरत असतानाच मीटरलगतचा व्हॉल्व्ह बंद करून पाहावा. ती थांबली तर गळती व्हॉल्व्हच्या पुढे आहे. ती थांबली नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा मीटरजवळच्या जोडातूनच पाणी जाते आहे. मीटरच्या आधीची गळती मीटरवर कधीच दिसत नाही. तिथे रस्त्याकडेची ओल आणि हौदात कमी झालेली धार एवढ्याच खुणा असतात.

मीटर नसेल किंवा बंद पडलेला असेल, तर कानाचा उपयोग करावा. पहाटे रहदारी नसताना, पाणी आलेले असताना आणि हौदाकडचे तोंड बंद करून, एका लोखंडी सळईचे टोक पाइपवर किंवा व्हॉल्व्हवर टेकवावे आणि दुसरे टोक कानाशी धरावे. दाबाखाली निसटणाऱ्या पाण्याची सूं अशी सलग सुरावट ऐकू येते, आणि दोन-तीन ठिकाणी ऐकून ती कुठे मोठी होते यावरून अंदाज बांधता येतो. लोखंडी पाइपवर ही युक्ती चांगली चालते, प्लास्टिकच्या पाइपवर आवाज लवकर विरतो.

जमिनीवरच्या खुणांपैकी भर उन्हाळ्यात एकाच जागी हिरवे राहिलेले गवत आणि खचलेले पेव्हर ब्लॉक लोकांच्या लक्षात येतात. दुर्लक्षित राहते ती ड्रेनेजच्या चेंबरमधली खूण. पाण्याच्या वेळेत, घरात कोणी पाणी वापरत नसताना, आवारातल्या चेंबरचे झाकण उघडून पाहावे. स्वच्छ पाण्याची बारीक धार येत असेल आणि पुरवठा संपल्यावर ती आटत असेल, तर गळतीने चेंबरच्या विटांमधून वाट काढलेली आहे. जमीन कोरडी असूनही पाणी जाते ते बहुधा असेच. हीच गळती घातकही असते, कारण पुरवठा बंद झाल्यावर पाणी त्याच वाटेने उलटे येऊ शकते.

ओल दिसली म्हणून लगेच तिथेच कुदळ घालू नये. आमच्या जुन्या घरी फाटकाजवळच्या ओलीपाशी आम्ही दोनदा खणले आणि काही सापडले नाही. भोक निघाले ते बारा फूट वर, मीटरच्या बाजूला, कारण पाणी पाइपच्या चराच्या भुसभुशीत मातीतून उताराकडे वाहत येत होते. ओल नळाच्या पाण्याची आहे की जमिनीतली, हे ठरवायला ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात ती ओटी चाचणी उपयोगी पडते. साचलेल्या ताज्या पाण्यात ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर त्यात क्लोरिन आहे, म्हणजे ते नळाचे पाणी आहे. रंग आला नाही तर मात्र निष्कर्ष काढू नये, कारण मातीतून येताना क्लोरिन संपून जातो.

खणण्याचा क्रम जोडांपासून धरावा. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला आटे पाडताना तो थर कापला जातो, त्यामुळे गंज तिथूनच सुरू होतो. काळ्या मातीत हा त्रास अधिक, कारण ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि प्रत्येक जोडावर ताण देते. एल्बो, पाइप जमिनीत शिरतो ती जागा, फाटकाचा उंबरा आणि मोठ्या झाडाची मुळे ही ठिकाणे प्रथम उघडावीत. विजेची केबल किंवा पाइपने येणाऱ्या गॅसची लाइन कुठून जाते, हे आधी निश्चित करावे आणि पाइपजवळ आल्यावर पहार बाजूला ठेवून खुरप्याने माती काढावी.

फेरूल आणि मीटरच्या आधीचा भाग घरमालकाने स्वतः उघडू नये. त्यासाठी महापालिकेच्या विभागीय पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज करून परवानाधारक प्लंबरकडून काम करून घ्यावे, आणि रस्ता खणायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते. मीटरचे सील तोडू नये.

दुरुस्ती पुरवठा बंद असताना करावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बांधणीची तार हा एका रात्रीचा उपाय आहे. तो मातीखाली गाडून विसरणे म्हणजे गळती पुढच्या महिन्यावर ढकलणे. पाइप बाकी निरोगी असून एकच भोक असेल, तर रबरी पट्टी असलेला दुरुस्तीचा क्लॅम्प गंज खरवडून, पृष्ठभाग साफ करून घट्ट बसवावा. एपॉक्सीची पुटी ओल्या लोखंडावर नीट धरत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये. जुना जीआय पाइप पान्याने फिरवून काढायला गेल्यास पुढचा कुजका जोड हलतो आणि नवी गळती तयार होते, म्हणून तो जागेवरच हॅकसॉने कापावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप वापरावी. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर शिसेयुक्त सफेदा लावू नये.

पाइप वीस-पंचवीस वर्षांचा असेल आणि एका जागी गंजून फुटला असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की मीटरपासून हौदापर्यंतची सर्व लांबी बदलावी. त्यासाठी निळा एमडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाइप उत्तम ठरतो, कारण तो गुंडाळीत मिळतो आणि जमिनीखाली एकही जोड न देता सलग टाकता येतो. अर्ध्या इंचाच्या लाइनसाठी बाहेरून 20 मिलिमीटर व्यासाचा पाइप घेतात. टोक काटकोनात कापून, कडा घासून, कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये किती आत जायला हवे याची खूण करून ते रबरी कडीच्या पलीकडे दाबून बसवावे आणि मगच नट आवळावा. अर्धवट बसलेले टोक पहिल्याच दाबाला निसटते. चर आवारात दीड-दोन फूट आणि गाडी उभी राहते तिथे सुमारे तीन फूट खोल ठेवावा. सांडपाण्याची लाइन ओलांडावी लागली तर पाण्याचा पाइप तिच्या वरून न्यावा, तिथे जोड देऊ नये आणि तो मोठ्या पाइपच्या म्यानातून घालावा. उन्हात उघडा राहणारा भाग मात्र प्लास्टिकचा ठेवू नये.

पुढच्या पाण्याची पूर्ण वेळ संपेपर्यंत चर उघडाच ठेवावा. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून त्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला की एक थेंब पडला तरी डाग दिसतो. खात्री झाल्यावर पाइपखाली व वर चाळलेली माती किंवा वाळू घालून मग चर भरावा, दगड थेट पाइपवर येऊ देऊ नयेत. बुजवण्यापूर्वी भिंतीपासूनची अंतरे मोजून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

नवी लाइन सुरू झाल्यावर पहिले पाणी हौदात न घेता झाडांना सोडावे. हौद रिकामा करून घासावा, आणि भरल्यावर 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) या प्रमाणात बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन वरचे निवळ पाणीच हौदात ओतावे. तासाभराने हे पाणी वापरता येते. लाइनला थेट मोटर जोडलेली असेल तर ती काढून टाकावी. ती पाणी ओढताना आपल्याच नव्हे, तर शेजाऱ्यांच्या पाइपमधल्या भोकांतूनही घाण आत खेचते. आठवडाभराने पाण्याच्या वेळेत बॉल कॉकचा गोळा पुन्हा बांधावा आणि चांदणी स्थिर आहे ना, ते पाहावे.