केनियाला चर्चतर्फे पहिल्यांदा सेवेला जाताय? आधी पिवळं कार्ड

उपासनेत नाव जाहीर झालं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, की पुण्यातली बहुतेक मुलं लगेच साक्ष, म्हणजे तिथल्या मंडळीसमोर सांगायचा आपल्या विश्वासाचा अनुभव, लिहायला बसतात. साक्ष नंतर लिहा. आधी पासपोर्टवरचं नाव वाचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधीच कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या. कारण पुढे तिकीट, ईटीए (केनियात जाण्याची ऑनलाइन परवानगी) आणि लसीचं कार्ड सगळं पासपोर्टवरूनच उतरवतात. वडिलांचं नाव पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात असेल, तर तिकिटावरही तिथेच हवं.

आता यलो फीव्हर, म्हणजे डासांमुळे पसरणारा पीतज्वर. त्याची लस घेतल्याचा दाखला म्हणजेच पिवळं कार्ड. यावर मी लांबण लावणार आहे, कारण मुलं हमखास इथेच अडकतात.

भारत यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही. त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरलात तर तिथे कार्ड विचारतीलच असं नाही. ‘आम्हाला कुणी विचारलं नाही’ असं आधी गेलेले सांगतात, ते यामुळेच. पण केनिया त्या यादीत आहे, आणि तपासणी होते ती परतताना, आपल्याच विमानतळावर. वैध कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर असताना हे ६ दिवस काय करतील, विचार करा. आदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त मिळालं तरी सुटका नाही, इथिओपियाही यादीत आहे.

कार्ड वैध होतं लस घेतल्यानंतर १० दिवसांनी. इथे चुकीचं गणित मांडलं जातं: ‘दौरा १४ दिवसांचा, आज लस घेतली तरी परत येईपर्यंत १० दिवस होतात.’ कागदावर होतात, पण संरक्षण तयार व्हायला लागणारे तेच १० दिवस तुम्ही तिथे डासांमध्ये काढता. म्हणून हिशोब जाण्याच्या तारखेपासून उलटा करा, आणि १० नव्हे, ४० दिवस धरा. ही लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक लोकांनाच बोलावतात. तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात गेला की सगळं वेळापत्रक सरकतं. शिवाय ही जिवंत लस आहे. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी, नाहीतर ४ आठवड्यांच्या अंतराने. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून तपासा: पासपोर्ट नंबर, तारीख, बॅच नंबर, सही, शिक्का. लस न टोचता मागच्या तारखेचं कार्ड देणाऱ्या एजंटाच्या दारात जाऊ नका. ती फसवणूक आहे, आणि आपण तिथे ज्याच्या नावाने जातोय त्याला ती शोभत नाही. पण घाबरूही नका. एकदा नीट घेतलेली लस जन्मभर चालते, कार्ड पुन्हा काढावं लागत नाही.

मलेरियाचं वेगळं. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. पश्चिमेकडचं किसुमू शहर किंवा किनारपट्टीला जास्त. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन ही मलेरिया टाळायची गोळी दिली तर ती निघण्याआधी १-२ दिवस सुरू होते आणि परतल्यावर ४ आठवडे चालते. घरी आल्यावर गोळ्या सोडून देणं ही नेहमीची चूक. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, छातीत जळजळते.

तिथे सेवा करायच्या परवानगीचा प्रश्न यजमान मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लेखी विचारा. ईटीए हा भेटीपुरता. धार्मिक कामासाठी तिथे वेगळा परवाना असतो, थोड्या दिवसांसाठी स्पेशल पासही असतो. ‘पर्यटक म्हणून लिही, कोण बघतंय’ असं सांगणारा सीनियर कितीही वेळा जाऊन आलेला असो, त्याला मार्गदर्शक करू नका. माझ्या मते चांगला मार्गदर्शक म्हणजे मंडळीचा खजिनदार: तो पावती मागतो, तारीख विचारतो.

बॅग भरताना आईला सांगा, चिवडा-लाडू कॅरीबॅगमध्ये नकोत. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. स्टीलचा डबा किंवा कापडी पिशवी चालते.

तिथे वडीलधाऱ्यांना स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, ‘शिकामो’ (नमस्कार) म्हणा, ‘मराहाबा’ असं उत्तर येईल. मंडळीत ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, इन्स्टाग्रामवर तर नकोच.

आणि आता साक्ष. ५ मिनिटं मिळाली तर तुमच्या वाट्याला अडीच येतात, उरलेली दुभाष्याची. एकेक वाक्य, छोटं, आणि थांबा. ‘पाप-शाप-ताप’ असले जुळवलेले शब्द स्वाहिलीत जुळत नाहीत, काढून टाका. घरातल्या कुणाला तरी वाक्यागणिक हिंदीत भाषांतर करायला समोर बसवा आणि घड्याळ लावून म्हणून बघा.