सेल्फ नुसता 'टक' करतो तेव्हा

जुनी गाडी स्टार्ट होत नाही म्हणून कोणी आलं की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. गॅरेजमध्ये चार वर्षं काढली, तरी येतो. आयटीआय करून नुकतेच कामाला लागला असाल तर हे तुमच्यासाठी. बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), डिस्ट्रिब्युटर कुठे असतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

'स्टार्ट होत नाही' या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर स्पार्क आणि पेट्रोल बघा. एअर क्लीनर काढून अ‍ॅक्सिलरेटर ओढला की कार्ब्युरेटरमध्ये धार दिसायला हवी. पेट्रोल सांडलेलं असताना स्पार्क तपासू नका. हे महिन्याभरात हाताला बसतं. इंजिन फिरतच नाही, चावी दिली की नुसता 'टक', तिथे मात्र माणूस फसतो. मी फसले.

रत्नागिरीजवळचं गॅरेज, पावसाळा, माझा तिसरा महिना. एका निवृत्त गुरुजींची 1997 ची मारुती 800. ही गाडी 1983 पासून 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे जुन्या कामात ती तुमच्याही वाट्याला येणारच. बॅटरीवर मीटर लावला, 12.6 व्होल्ट. हेडलाईट लख्ख. धक्का मारला तर गाडी लगेच सुरू. मी म्हटलं, सेल्फ गेला. उतरवला, बाहेर बॅटरीला जोडला, तर भिंगरीसारखा फिरला. परत बसवला, पुन्हा 'टक'. मग मी गुरुजींना सांगितलं की बॅटरी लोड घेत नाहीये. त्यांनी माझ्या शब्दावर नवी बॅटरी आणली. पुन्हा 'टक'.

आणि अर्थिंग मी तपासलं होतं! मीटर बीपवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. बीप वाजला. वायर ठीक आहे असं समजून मी पुढे गेले.

हा सापळा नीट समजून घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका वेणीसारख्या अर्थिंगच्या पट्टीतून येतो. सेल्फने ओढलेला सगळा करंट त्या पट्टीतून बॅटरीकडे परततो, आणि तो शंभर अँपिअरच्या घरात असतो. खाऱ्या हवेने पट्टी आतून हिरवी पडली, बोल्टखाली गंज बसला, की तिथे थोडा रोध तयार होतो. समजा फक्त 0.05 ओहम. शंभर अँपिअरला तिथेच 5 व्होल्ट खाल्ले जातात. सेल्फला उरतात सहा-सात. तेवढ्यात सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, ओढला जातो, 'टक' वाजतो, पण मोटर हलत नाही. मीटरचा बीप मात्र मिलिअँपिअरवर चालतो. पट्टीची एक तार शिल्लक असली तरी तो खुशाल वाजतो. 0.05 ओहम त्याला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो.

हेडलाईटचं काय? हेडलाईटचं अर्थिंग बॉडीला असतं, इंजिनच्या पट्टीशी त्याचा संबंधच नाही. मात्र चावी देताना त्याच्याकडे बघा. 'टक'बरोबर लाईट एकदम मंद झाला तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल संशयित. लख्खच राहिला तर सेल्फला पुरेसा करंट मिळत नाहीये, वाटेत कुठेतरी अडतोय.

आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर वायरमन काकांनी जंप केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिन ब्लॉकला. चावी दिली, इंजिन फिरलं. मग त्यांनी मीटर माझ्या हातात दिला आणि स्वतः चावी देत बसले. उस्ताद असावा तर असा. हातातला पाना काढून घेऊन 'बघ, असं करायचं' म्हणणाऱ्याकडून मी फारसं काही शिकले नाही.

ती तपासणी अशी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन पेटू नये म्हणून इग्निशन कॉइलचा करंट तोडा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर. कोणीतरी चावी देईल तेव्हाच आकडा वाचा. 0.2-0.3 पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तिथेच दुखणं. माझ्यासमोर पावणेपाच आला. पॉझिटिव्हकडेही बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत असंच करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये गार होऊ द्या.

सेल्फला हातोडीने ठोकणं, स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करणं हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शिकवेल. मला ते मुळीच पटत नाही. ठोकून गाडी सुरू झाली की कारण लपतं. शॉर्ट करताना गाडी गिअरमध्ये असेल तर अंगावर येते. थांबा आणि मोजा.

चुकाल, आणि त्याने धंदा संपत नाही. मी गुरुजींना खरं सांगितलं आणि बॅटरीचे पैसे दोन पगारांतून फेडले. त्यानंतरही गाडी त्यांनी माझ्याकडेच आणली. पण ग्राहकाला खर्चात घालण्याआधी तो एक आकडा बघितला नाही, याची बोच आहे.

आणखी एक खूण माझ्या हातातून निसटली होती. सारखा सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत होती. पट्टी बंद पडली की करंट अशाच आडवाटेने परततो. केबल गरम लागली तर हात तिथेच थांबवा.

गुरुजींच्या गाडीला नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत केला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. पुन्हा मीटर लावला. 0.15.