एडासवाल्या गाडीचं ग्रिल बदलताय? आधी रडार कुठे बसलंय ते बघा

बडोद्यात हल्ली नवीन गाडी आली की लगेच पुढचं क्रोम नको, सगळं ग्लॉसी ब्लॅक हवं नाहीतर हनीकोंब ग्रिल हवं असं सुरू होतं, आणि करा की, हौसेची गाडी आहे. फक्त गाडीला एडास, म्हणजे समोरचं बघून आपोआप ब्रेक मारणारी, अंतर राखणारी यंत्रणा असेल तर पुढच्या तोंडावरची एक तळहाताएवढी जागा आणि त्या जागेचा कोन, या दोन गोष्टींना हात लावायचा नाही, बाकी काय हवं ते करता येतं.

ती जागा म्हणजे रडारची, समोरची गाडी किती लांब आहे ते लहरी सोडून ओळखणाऱ्या सेन्सरची. ती शोधायला ओनर्स मॅन्युअल काढा, एडासच्या चॅप्टरमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. मग टॉर्च घेऊन गाडीसमोर उकिडवे बसा. बहुतेक गाड्यांत खालच्या ग्रिलच्या मधोमध एक सपाट, गुळगुळीत काळी प्लास्टिकची पट्टी दिसेल जिला फटी नाहीत, नाहीतर कंपनीचा लोगोच वर उठलेला नसून काचेसारखा सपाट असेल, तर रडार त्याच्या मागे. होंडा सिटी, एलिवेट यांची गोष्ट वेगळी, त्यांचं एडास आरशामागच्या कॅमेऱ्यावर चालतं, त्यामुळे तिथे ग्रिलची काळजी कमी आणि काचेची जास्त.

आता अडतं कुठे ते सांगतो, कारण हे कळलं की दुकानात काय घ्यायचं ते आपोआप कळतं. हे रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर जेमतेम ४ मिलिमीटरची. साध्या प्लास्टिकमधून ती आरपार जाते, धातूवर आपटली की उलटी फिरते. म्हणून स्टीलची जाळी नको, भोकं कितीही असोत. क्रोम तर प्लास्टिकवर चढवलेला धातूच. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात, खरं कार्बन फायबर वीज वाहून नेतं, दोन्ही बाद. साधं काळं एबीएस प्लास्टिकचं, तुमच्याच मॉडेलच्या एडास व्हेरिएंटसाठी बनवलेलं ग्रिल घ्या, बिनएडास व्हेरिएंटचं स्वस्तात मिळतं पण त्यात रडारची खिडकीच नसते. ब्लॅक रॅप (काळी चिकट फिल्म) करायचा असेल तर ग्रिलच्या बाकीच्या पट्ट्यांवर करा, रडारच्या पट्टीवर अजिबात नाही, आणि सपाट लोगो काळा स्प्रे करून घेऊ नका, तो चमक दिसूनही लहर जाऊ देईल असा खास बनवलेला असतो. दुकानदार ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणेलच, तुम्ही मात्र बोट ठेवून दाखवा की इथे काही लागायचं नाही.

दुसरी गोष्ट कोन, आणि ही लोक विसरतात. रडार नुसतं १ अंश जरी वाकडं झालं तरी १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची अर्धी लेन, मग बाजूच्या ट्रकला बघून आपली गाडी ब्रेक मारणार नाहीतर समोरचा दिसणारच नाही. त्यामुळे बंपर उतरवताना इग्निशन बंद, क्लिपा प्लास्टिकच्या पटाशीने काढायच्या, रडारचं ब्रॅकेट धरून बंपर ओढायचा नाही, कनेक्टर सुटा करताना वायर नाही तर लॉक दाबायचं, आणि ब्रॅकेटचे स्क्रू शक्यतो हलवूच नका. हलवले असतील, किंवा बंपर बाहेर काढला असेल, तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे रडारचा कोन मोजून नीट बसवणं, करून घ्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या गाड्यांत पाणी गेलं आणि बंपर उघडून साफसफाई झाली त्यांनीही हे तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

जाताजाता, ग्रिलमध्ये एलईडी लावायचीच असेल तर रडारच्या वायरला टॅप मारू नका, वेगळा फ्यूज घ्या. बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी दांडा, नकोच, २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, शिवाय रडारच्या अगदी पुढ्यात लोखंड. आणि दसऱ्याला गाडीची पूजा होणारच, पण झेंडूचा हार बोनेटवर घाला, खालच्या ग्रिलवर नको, शनिवारचं लिंबू-मिरचीसुद्धा एका बाजूला बांधा, पाण्याने भरलेल्या फुलापानांतून लहर नीट जात नाही. नंबर प्लेटची जाड फ्रेम वर सरकून पट्टीवर येत नाही ना तेही बघा.

सगळं बसलं की आधी मीटरमध्ये रडारची वॉर्निंग आहे का बघा. नसली म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, अर्धवट अडलेलं रडार कधीकधी वॉर्निंग देत नाही. पहाटे अहमदाबाद एक्सप्रेस वेवर ट्रॅफिक कमी असताना क्रूझ (समोरच्या गाडीशी अंतर राखून आपोआप वेग सांभाळणारं) लावा, अंतर सगळ्यात जास्त ठेवा, पाय ब्रेकवर तयार, आणि समोरची गाडी मीटरवर पूर्वी येत होती तेवढ्याच लांबून येते का ते पाहा, वळणावर चुकून शेजारच्या लेनची गाडी पकडते का तेही. ऑटो ब्रेक मात्र कुणाच्या मागे जाऊन तपासायचा नाही. गाडी उशिरा दिसतेय किंवा मधूनच गायब होतेय असं वाटलं तर क्रूझ बंद करा, जुनं ग्रिल परत लावून बघा, तरी तसंच असेल तर प्रश्न बहुधा कोनाचा आहे, सरळ वर्कशॉप गाठा. म्हणूनच जुनं ग्रिल भंगारात देऊ नका, माळ्यावर टाकून ठेवा.