लिनक्स बूट होत नाही? सिंगल-युझर मोडमध्ये या चुका टाळा

सर्व्हर बूट झाला नाही की नव्वद टक्के पोरं एकच काम करतात, पेनड्राइव्ह शोधायला लागतात. अरे, आधी स्क्रीन वाचा ना! ग्रबमध्ये, म्हणजे बूट होताना येणाऱ्या मेनूत, 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीतून मेसेज लपवणारं 'क्वाएट' काढा, शेवटी 'सिंगल' लिहा (हाच सिंगल-युझर मोड, फक्त ॲडमिनसाठी), कंट्रोल-एक्स दाबा आणि नेमकं काय अडतंय ते बघा.

सगळ्यात जास्त घोळ एफस्टॅबचा, म्हणजे बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या (माउंट करायच्या) त्या यादीच्या फाइलचा. एका कॉलेजच्या लॅबमधून फोन आला, "सर, ओएस उडाली, फॉरमॅट मारू का?" म्हटलं, हात लावू नकोस, स्क्रीनचा फोटो पाठव. फोटोत मशीन इमर्जन्सी मोडमध्ये पडलेलं आणि रूटचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड मागत होतं, बस. झालं असं होतं की बॅकअपची जुनी डिस्क कुणीतरी मागेच काढून नेली, पण एफस्टॅबमधली तिची ओळ तशीच राहिली, मशीन मधे कधी रिबूटच झालं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही, आणि लाइट गेल्यावर ते उघडं पडलं. बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टमडी; ते जागेवर नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि मग बूट सोडून देतं. अशा वेळी 'सिंगल' टाकूनही उपयोग नसतो, कारण त्यातही लोकल डिस्क माउंट कराव्या लागतात, फिरून इमर्जन्सीतच येता. पासवर्ड टाकून आत गेल्यावर त्याला 'जर्नलसीटीएल -एक्सबी'ने बूटचा लॉग बघायला लावलं, 'बीएलकेआयडी'शी यूयूआयडी (डिस्कचा ओळख-नंबर) ताडून घेतला, त्या एका ओळीपुढे हॅश (#) टाकून ती बंद केली, मशीन चालू. मुलांची सगळी प्रोजेक्ट्स त्याच मशीनवर होती आणि हा फॉरमॅट मारणार होता! डेटाच्या आणि बॅकअपच्या डिस्कला मी एफस्टॅबमध्ये कायम 'नोफेल' लावतो, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही, तुम्हीही लावा.

एडिट सेव्ह होत नाही? रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम (/), रीड-ओन्ली असेल, 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' मारा.

दुसरी गोष्ट, ज्याने माझं डोकं फिरतं: रीड-राइट माउंट असलेल्या रूटवर एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल, चालवणं. अहो, टूल स्वतः सांगतं की फाइलसिस्टिम माउंटेड आहे, पुढे गेलात तर वाट लागेल, तरी लोक 'वाय' दाबतात, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं दाखवलेलं असतं. फाइलसिस्टिम एक्सटी-४ प्रकारची असेल तर ग्रबच्या ओळीत 'एफएससीके.मोड=फोर्स' लिहा, तपासणी बूट होतानाच होते. एक्सएफएस प्रकारच्या फाइलसिस्टिमवर याच्या भरवशावर राहू नका, तिथे पेनड्राइव्हवरून बूट करून एक्सएफएस-रिपेअर. पेनड्राइव्हचा खरा उपयोग हा.

पासवर्ड विसरलात म्हणून ग्रबच्या ओळीत 'इनिट=/बिन/बॅश' लिहून शिरलात तर काम झाल्यावर 'सिंक' मारा, मग 'रिबूट -एफ', कारण तिथे सिस्टमडी चालूच नसतं, साधं रिबूट चालत नाही. रेड हॅट, फेडोरावर पासवर्ड बदलल्यावर रूटमध्ये '.ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल बनवायची राहिली की एसई-लिनक्स (फाइलींवरची सुरक्षेची लेबलं तपासणारी यंत्रणा) नवीन पासवर्डनेही आत घेत नाही. मग लोक पुन्हा पासवर्ड बदलतात, पुन्हा तेच. ती फाइल बनवली की पुढच्या बूटला होणाऱ्या रीलेबलला मोठ्या डिस्कवर वेळ लागतो, मधेच पॉवर बटण दाबू नका.

नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकल्यावर बंद पडलं तर ग्रबमधून जुना कर्नल निवडून आत या, आणि कर्नलच्या फाइली ठेवायची जागा /बूट भरलीय का ते आधी बघा.

आणि एफस्टॅबला हात लावलात की रिबूटच्या आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए' मारा. चूक असेल तर तिथेच एरर येते, मशीन चालू असतानाच.